जखम भरून येण्यात वनस्पतींचा वाटा : केळीच्या पानापासून अननसाच्या खोडापर्यंत

प्रस्तावना

मळणी यंत्रात ओढला गेलेला हात, कडबा कुट्टीच्या पात्याखाली सापडलेली बोटे, गुऱ्हाळावरील उकळत्या काकवीने भाजलेले पाय, शेतपंपाच्या उघड्या तारेने होरपळलेली त्वचा, हे अपघात ग्रामीण भागास नवे नाहीत. अशा रुग्णांपैकी अनेकांवर शहरातील रुग्णालयात पुनर्रचना शस्त्रक्रिया करावी लागते. मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून तो जखमेवर बसविला जातो, किंवा शेजारच्या भागातील त्वचा रक्तवाहिन्यांसह वळवून उघडी पडलेली हाडे व स्नायू झाकले जातात. काही दिवसांनी रुग्ण गावी परततो आणि त्याच वेळी खरा प्रश्न उभा राहतो. घरातील वडीलधारी माणसे हळद लावावयास सांगतात, शेजारी कोरफडीचे पान आणून देतात, तर कोणी जंगलातील पाला वाटून बांधण्याचा आग्रह धरतो.

अशा प्रसंगी गावातील विस्तार कार्यकर्ता किंवा औषधी वनस्पतींची लागवड करणारा प्रगतिशील शेतकरी यांचा सल्ला हमखास विचारला जातो. वनस्पतींमध्ये जखम भरण्यास साहाय्य करणारे गुण आहेत, हे खरे आहे. मात्र वनस्पतीचा गुण आणि वनस्पतीचा पाला या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद न कळल्यास शस्त्रक्रियेचे सारे श्रम वाया जाऊ शकतात. प्रस्तुत लेखात जखम भरण्याची प्रक्रिया, त्यात वनस्पतिजन्य पदार्थांचे सिद्ध झालेले व न झालेले स्थान, रुग्णाच्या घरी पाळावयाची पथ्ये आणि उत्पादक शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी यांचा विचार केला आहे.

ऊती कशा भरून येतात?

जखम झाल्याक्षणी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्ताची गुठळी बनते. त्यानंतरचे काही दिवस दाहाचे असतात. पांढऱ्या पेशी जखमेत येऊन जंतू व मृत ऊती साफ करतात. या काळातील थोडी सूज आणि उष्णता ही दुरुस्तीच्या कामाचाच भाग होय. साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि कडेने नवी त्वचा सरकू लागते. पुढे कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ, हे धागे पुन्हा पुन्हा रचले जातात व व्रण घट्ट होत जातो. तरीही भरून आलेल्या जागेची बळकटी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

रोपण केलेल्या त्वचेचा प्रवास अधिक नाजूक असतो. मूळ जागेपासून तोडलेल्या या थरास स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या ऊतींतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या केशवाहिन्या त्याच्या केशवाहिन्यांशी जुळू लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्ताभिसरण सुरू होते. पुनर्लागवड केलेले रोप नवी मुळे धरेपर्यंत जसे हलवू नये, तसेच या काळात रोपित त्वचेस हलवू नये. तिच्याखाली रक्त साठणे, ती घसरणे आणि जंतुसंसर्ग होणे ही रोपण अयशस्वी होण्याची तीन प्रमुख कारणे होत. पट्टी सोडून आत काहीही लावणे म्हणजे यांपैकी किमान दोन कारणांना निमंत्रण देणे होय.

जेथून त्वचा काढली, ती जागाही एक जखमच असते. केसांच्या मुळांतील व घामाच्या ग्रंथींतील शिल्लक पेशींपासून तेथे नवी त्वचा तयार होते. हे काम बहुधा १० ते १४ दिवसांत पुरे होते. रुग्णास मूळ जखमेपेक्षा या जागेच्या वेदना अधिक जाणवतात. पुढे दिलेल्या केळीच्या पानाच्या प्रयोगाचे महत्त्व याच कारणाने आहे.

पुण्याची शस्त्रक्रिया आणि कात

पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कापलेले नाक गालाच्या त्वचेपासून पुन्हा घडविण्याची रीत सांगितली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान कापून त्यावरून त्वचेचे माप घ्यावे, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, असा त्यात तपशील आहे. त्यानंतरचे उपचार वनस्पतिजन्यच आहेत. पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांची पूड त्या जागेवर भुरभुरावी, पांढऱ्या कापसाने ती झाकावी आणि तिळाच्या तेलाचे वारंवार सिंचन करावे, असे तेथे सांगितले आहे. येथील अंजन म्हणजे दारुहळदीपासून होणारे रसांजन, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. चिकित्सास्थानात तर व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले आहेत.

ही परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ जिवंत होती. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याचे नाक घडविले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे अशीच शस्त्रक्रिया केली आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपात रूढ झाली.

त्या वर्णनातील एक तपशील कृषिक्षेत्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्वचेचे सांधे जोडल्यावर ‘टेरा जॅपोनिका’ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला व अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरी कोणतीही मलमपट्टी केली नाही. त्यानंतर तुपात भिजविलेले कापड ठेवले. कपाळाशी जोडलेला त्वचेचा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. टेरा जॅपोनिका हे युरोपीय व्यापारातील काताचे नाव. खैराच्या नारापासून, म्हणजे खोडाच्या आतील गडद लाकडापासून, हा कात काढला जातो आणि कोकणातील तो एक जुना व्यवसाय आहे.

कातात कॅटेचिन आणि टॅनिन ही द्रव्ये असतात. टॅनिन प्रथिनांशी बांधले जाते व पृष्ठभागावर तुरट, कोरडा थर तयार होतो. पाझर त्यामुळे कमी होतो. वाळलेल्या पट्ट्यांनी सांधा जागेवर धरून ठेवला असेल, ही बाबही तितकीच महत्त्वाची. चार दिवस हात न लावणे हा त्या उपचाराचा अर्धा भाग होता. आज बाजारात मिळणारा खाण्याचा कात मात्र जखमेवर लावू नये. त्यात इतर पदार्थांची भेसळ असू शकते व तो निर्जंतुक नसतो.

आवरण म्हणून वनस्पती : बटाट्याची साल आणि केळीचे पान

जखम उघडी ठेवून खपली धरू द्यावी, असा समज दीर्घकाळ होता. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात पातळ पटलाखाली ओलसर ठेवलेल्या जखमा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने त्वचेने झाकल्या गेल्याचे दिसून आले. ओलावा टिकला तर नव्या पेशींना सरकणे सोपे जाते, हा आधुनिक मलमपट्टीचा पाया ठरला.

महागडी पटले न परवडणाऱ्या रुग्णांसाठी मुंबईतील शल्यचिकित्सकांनी याच तत्त्वावर शेतमालाचा उपयोग केला. डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर बसवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या जखमांवर वापरल्या. बटाट्याच्या सालीत बुचासारख्या पेशींचा थर असतो. कंदातील पाणी उडू नये म्हणून निसर्गाने दिलेले हे कवच जखमेतील ओलावाही टिकवून धरते. सालीत जंतुनाशक गुण मानण्याचे कारण नाही. तिचे काम आवरणाचे आहे.

पुढे डॉ. गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. स्वच्छ केलेले पान कापडी पट्टीवर खळीने चिकटवून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाते. त्वचारोपणासाठी त्वचा काढलेल्या जागेवर आणि अर्धवट खोलीच्या भाजलेल्या जखमांवर तिचा अभ्यास झाला व निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. केळीच्या पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत व मेणचट असल्याने ते जखमेस चिकटत नाही. व्हॅसलीन गॉज काढताना रुग्णास जी वेदना होते व नवी त्वचा ज्या प्रकारे उपटली जाते, ते येथे टळते. खर्चही अत्यल्प येतो.

या दोन उदाहरणांतून विस्तार कार्यकर्त्याने एक बोध घ्यावा. साल आणि पान ही घरगुती वस्तूच आहेत. परंतु त्यांना उपचाराचे रूप आले ते निर्जंतुकीकरण, प्रमाणित कृती आणि प्रत्यक्ष रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास या तीन पायऱ्या चढल्यानंतर. परसातील पान तोडून जखमेवर ठेवणे म्हणजे केळीच्या पानाची पट्टी नव्हे. त्या पानावर फवारणीचे अवशेष, धूळ आणि मातीतील जंतू असतात.

मृत ऊती विरघळविणारी विकरे : पपई आणि अननस

खोल भाजलेल्या जखमेवर मृत त्वचेचा घट्ट थर राहतो. तो काढल्याशिवाय त्वचारोपण करता येत नाही. प्रथिने विरघळविणारी वनस्पतिजन्य विकरे येथे उपयोगी पडतात.

कच्च्या पपईच्या चिकात पेपेन हे विकर असते. आफ्रिकेतील गांबिया देशात, बंजुल येथील रुग्णालयात भाजलेल्या बालकांच्या जखमांवर पपईचा गर वापरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. मात्र पेपेनची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत पेपेनयुक्त मलमांमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी व रक्तदाब घसरण्याचे प्रकार घडल्याने तेथील औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता नसलेल्या अशा मलमांची विक्री थांबविण्याचे आदेश दिले.

अननसाच्या खोडातील ब्रोमेलेन या विकराची वाटचाल अधिक यशस्वी ठरली. ब्रोमेलेनने समृद्ध असे शुद्ध केलेले औषध भाजलेल्या जखमेवर ठरावीक मात्रेत चार तास ठेवले जाते व नंतर विरघळलेली मृत ऊती पुसून काढली जाते. या औषधास युरोपात २०१२ मध्ये व अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. फळ काढल्यानंतर उरणाऱ्या खोडातून असे मूल्यवान द्रव्य मिळते, ही बाब केरळ व ईशान्य भारतातील अननस उत्पादकांच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

विकर जिवंत व मृत प्रथिन यांत पूर्ण भेद करीलच असे नाही. म्हणून पपईचा चीक किंवा अननसाचा रस घरी जखमेवर लावणे धोक्याचे आहे. नव्याने बसविलेल्या त्वचेवर तर तो कदापि लावू नये.

कोरफड, हळद आणि मंडूकपर्णी : पुरावा कोठवर आहे?

*कोरफड.* कोरफडीच्या पानात दोन भिन्न पदार्थ असतात. सालीखालील पिवळा, कडू चीक तीव्र रेचक असून त्वचेस दाहक ठरतो. आतील पारदर्शक गरात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणी असते व ॲसेमॅनन हे प्रमुख बहुशर्करा द्रव्य असते. वरवरच्या भाजण्यावर गराचा लाभ झाल्याचे काही लहान अभ्यास सांगतात. त्या लाभातील मोठा वाटा ओलाव्याचा असणे शक्य आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेबाबत मात्र चित्र निराळे आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उकललेल्या जखमा नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचे जेल लावलेल्या जखमांना सरासरी ८३ दिवस लागले. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानेही जखमांवरील कोरफडीच्या उपयोगासाठी दर्जेदार पुरावा पुरेसा नाही, असाच निष्कर्ष काढला. किरकोळ चटका बसल्यावर उपयोगी वाटणारा गर मोठ्या जखमेवर उपयोगी ठरेलच, असे गृहीत धरू नये.

*हळद.* हळदीतील करक्युमिन दाह कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु तोंडावाटे घेतल्यास ते शरीरात अत्यल्प शोषले जाते. जखमेवर हळद पूड दाबण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिच्यातील उणीव पुडीत आहे. जमिनीखालील कंद, अंगणातील वाळवण आणि गिरणीतील दळण या मार्गाने आलेल्या पुडीत चिवट बीजाणू धरणारे जंतू असतात. रंग खुलविण्यासाठी काही ठिकाणी शिसेयुक्त पिवळा रंग मिसळण्याचे गैरप्रकारही उघडकीस आले आहेत. याशिवाय पिवळ्या थरामुळे जखमेचा खरा रंग झाकला जातो आणि जंतुसंसर्ग किंवा रोपित त्वचेचे काळवंडणे डॉक्टरांच्या वेळीच लक्षात येत नाही.

हळदीच्या या गुणानेच एक ऐतिहासिक लढा घडविला. मार्च १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट (क्रमांक ५,४०१,५०४) अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील पुरावे सादर करून त्यास आव्हान दिले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाची डिजिटल ग्रंथसूची उभारण्यामागे हा अनुभव होता. या निर्णयाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. हा वापर नवा नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तो किती परिणामकारक व सुरक्षित आहे, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.

*मंडूकपर्णी.* मराठीत कारिवणा या नावानेही ओळखली जाणारी ही वेल एशियाटिकोसाइड व मॅडेकॅसोसाइड या द्रव्यांमुळे महत्त्वाची ठरली आहे. ही द्रव्ये कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींना चालना देतात. तिच्या प्रमाणित अर्कापासून बनविलेली मलमे अनेक देशांत व्रणांसाठी वापरली जातात. महाराष्ट्रात तिलाही ब्राह्मी म्हणतात आणि नीरब्राह्मीलाही ब्राह्मीच म्हणतात. दोहोंची कुळे, द्रव्ये व उपयोग भिन्न आहेत. मंडूकपर्णीचे पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचे व लांब देठाचे असते. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल व जोडीने येणारी असतात. विक्री करार करताना केवळ ‘ब्राह्मी’ असा उल्लेख न करता शास्त्रीय नाव लिहून घ्यावे.

अपघात ते घरवापसी : विस्तार कार्यकर्त्यासाठी मार्गदर्शन

अपघात घडताच पुढील बाबी पाळाव्यात.

१. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद वा पाला लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे.

२. विजेच्या धक्क्याने भाजल्यास प्रथम प्रवाह खंडित करावा. बाहेरून जखम लहान दिसली तरी आतील हानी मोठी असते.

३. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटास बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. शक्य तितक्या लवकर सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचावे.

४. मातीशी संपर्क आलेल्या प्रत्येक जखमेत धनुर्वाताचा धोका असतो. लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण घेत असलेल्या सर्व वनौषधींची माहिती डॉक्टरांना द्यावी. लसूण, करक्युमिन, जिनसेंग यांच्या गोळ्या वा कॅप्सूल रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अश्वगंधेचा गुंगीच्या औषधांशी संबंध येऊ शकतो. अशी पूरके सामान्यतः दोन आठवडे आधी थांबविण्याचा सल्ला दिला जातो. रोजच्या भाजीतील लसूण-हळदीस हा नियम लागू नाही.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच उघडावी. वेदना वा लाली वाढणे, पू, दुर्गंधी, ताप, रोपित त्वचा काळी पडणे किंवा पट्टीतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम पूर्ण बंद झाल्यावर रोपित त्वचा कोरडी पडते, कारण तिच्यातील तेल व घाम देणाऱ्या ग्रंथींचे कार्य क्षीण झालेले असते. अशा वेळी डॉक्टरांच्या संमतीने साधे खोबरेल तेल हलक्या हाताने चोळता येते. वनस्पतिजन्य पदार्थाचा हा निर्धोक घरगुती उपयोग होय. त्या जागेस कित्येक महिने कडक उन्हापासून जपावे. शेतावर जाताना ती कापडाने झाकावी.

तंबाखूबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वळविलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते. विडी, तपकीर व चुना-तंबाखू या सर्वांतच निकोटिन असते.

ताटातील औषध

वनस्पतींचा सर्वांत निर्विवाद उपयोग पोषणाच्या मार्गाने होतो. कोलॅजेन हे प्रथिन आहे व त्याच्या बांधणीस जीवनसत्त्व क, लोह आणि जस्त लागते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

अनेक घरांत शस्त्रक्रियेनंतर डाळ, अंडी व आंबट फळे ‘पू धरतो’ म्हणून बंद केली जातात. हे पथ्य रुग्णास घातक ठरते. नेमके हेच पदार्थ त्यास हवे असतात. डाळी, मोड आलेली कडधान्ये, दूध, अंडी व चालत असल्यास मासे द्यावेत. १०० ग्रॅम पेरूतून सुमारे २०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क मिळते. आवळ्यातही ते विपुल असते. शेवग्याची पाने, तीळ आणि लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेले ‘धनशक्ती’सारखे बाजरीचे वाण यांचाही आहारात समावेश करावा. परसबागेच्या प्रसाराचा कार्यक्रम येथे थेट उपयोगी पडतो.

उत्पादक शेतकऱ्यासाठी : गुणवत्ता शेतातच ठरते

औषधनिर्मितीत कच्च्या मालाचे मूल्य सक्रिय द्रव्याच्या प्रमाणावर व शुद्धतेवर ठरते. पुढील बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

- हळद : करक्युमिनसाठी वाण निवडून घ्यावा. कोझिकोड येथील भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेचा ‘प्रगती’ हा वाण सुमारे १८० दिवसांत तयार होतो व त्यात करक्युमिनचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. कंद गरजेपेक्षा अधिक शिजविल्यास रंग व द्रव्य दोन्ही घटतात. स्वच्छ ताडपत्रीवर वा सिमेंटच्या खळ्यावर वाळवून ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणावा. कृत्रिम रंगाचा वापर करू नये.

- कोरफड : बाहेरील पक्व पाने बुंध्याजवळ कापून पिवळा चीक निथळू द्यावा. तोडलेल्या पानातील गर वेगाने बिघडतो, म्हणून पान काही तासांतच प्रक्रियेस जावे लागते. पानात बहुतांश पाणीच असल्याने लांबची वाहतूक परवडत नाही. जवळ प्रक्रिया केंद्र नसल्यास केवळ तोंडी खरेदी-हमीवर लागवड करू नये.

- मंडूकपर्णी : धावत्या खोडाच्या तुकड्यांपासून ओलसर, अर्धसावलीच्या जागी लागवड होते. ही वनस्पती जड धातू शोषून घेते. सांडपाण्याच्या नाल्याकाठची वाढ गोळा करू नये व तशा पाण्यावर तिची लागवडही करू नये.

- पपई : पेपेनसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे सीओ-२, सीओ-५ व सीओ-६ हे वाण परिचित आहेत. सुमारे ७५ ते ९० दिवसांच्या कच्च्या फळांवर सकाळी २ ते ३ मिलिमीटर खोलीचे चिरे देऊन चीक जमवावा. लोखंडी भांडी टाळावीत, हातमोजे वापरावेत. चीक ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानास वाळवावा. अधिक उष्णतेने विकर नष्ट होते.

- खैर : बांधावर व हलक्या जमिनीत वनशेतीसाठी योग्य. नार तयार होण्यास बराच काळ लागतो. महाराष्ट्रात खैर हा तोडीसाठी परवानगी आवश्यक असलेल्या वृक्षांपैकी आहे.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची उत्तम कृषी व संकलन पद्धतींची मानके उपलब्ध असून त्यांवर आधारित ऐच्छिक प्रमाणीकरणाचीही सोय आहे. लागवडीची तारीख, बियाण्याचा स्रोत, फवारण्या, काढणी व साठवण यांची नोंदवही ठेवणाऱ्या गटास खरेदीदाराशी वाटाघाट करणे सोपे जाते.

बचत गट वा उत्पादक कंपनीने स्वतः मलम, जेल किंवा तेल बनवून विकावयाचे ठरविल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवाना घ्यावा लागतो. ‘सर्व जखमांवर रामबाण’ अशा स्वरूपाचा मजकूर वेष्टनावर छापू नये. असा दावा कायद्याच्या अडचणीत तर आणतोच, शिवाय तो खरा मानून एखादा रुग्ण उपचार लांबवील, ही हानी अधिक मोठी आहे.

समारोप

सुश्रुतांच्या ग्रंथातील तिळाचे तेल, पुण्याच्या कारागिराने वापरलेला कात, मुंबईच्या रुग्णालयातील केळीचे पान आणि अननसाच्या खोडातील विकर ही एकाच परंपरेची भिन्न रूपे होत. वनस्पतींकडे जखमी शरीरास देण्यासारखे बरेच काही आहे, हे त्यांतून दिसते. मात्र प्रत्येक ठिकाणी वनस्पतीची निवड, तिच्यावरील संस्कार, मात्रा आणि वेळ यांचा विचार झालेला आहे. तो वगळून केवळ पाला उचलणे म्हणजे परंपरेचे पालन नव्हे.

विस्तार कार्यकर्त्याने गावातील रुग्णाच्या घरी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. उघड्या जखमेवर वा रोपित त्वचेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही वनस्पती लावू नये. डाळ, अंडी, दूध व फळे बंद करू नयेत. तंबाखू तत्काळ थांबवावा. आणि शेतकऱ्याने लक्षात ठेवावे की, त्याच्या शेतातून निघालेले पान, कंद वा चीक उद्या कोणाच्या तरी जखमेपर्यंत पोहोचणार आहे. त्याची शुद्धता राखण्याची जबाबदारी तेथूनच सुरू होते.